पानी सोडनार कुठं?

जून महिन्यात गमबूट घालून फिरणारा दोह्यात मी एकच माणूस पाहिला. बाहेर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस डिग्री, गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही, आभाळात औषधालाही ढग नाही, आणि हे गृहस्थ गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट चढवून, काखेत छत्री मारून साइटवर हजर. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही चाचाच म्हणायचे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. वय साठीला टेकलेलं. कागदोपत्री पंप ऑपरेटर; पावसाचं साचलेलं पाणी पंपानं उपसायचं, हे त्यांचं काम. ज्या देशात पाऊस वर्षातून चार-पाच वेळा तोंड दाखवतो, तिथे या कामावर एखादा माणूस तीस वर्षं काढू शकतो हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं.

मी लातूरची. आमच्याकडे टँकर पाणी आणतो. इथे पाऊस पडला की टँकर येतात ते पाणी न्यायला. रस्त्यावरचं गुडघाभर पाणी पाइप लावून ओढतात आणि लांब नेऊन ओततात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला ते पाप वाटलं, आणि मी चाचांना तसं म्हणालेही. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाय, तुमच्याकडं पानी येत नाय. हितं येतं, पन जात नाय." तरुण बाईमाणसाला रत्नागिरीकडे 'बाय' म्हणतात. मी साइटची इंजिनियर, म्हणजे त्यांची साहेब होते, तरी मला मॅडम म्हणायचं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

त्यांची नोकरी गेली ती माझ्या सहीच्या कागदानं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं सांगताना मी फार साळसूद वाटेन.

चाचांच्या खिशात एक काचेचा छोटा पेला असे, इथे काळा चहा देतात तसला, कमरेला बारीक. कुठल्याही नव्या जागी गेले की ते पेलाभर पाणी जमिनीवर ओतत आणि उकिडवे बसून ते कुठे जातं ते पाहत. एवढंच. साइटवर, पार्किंगमध्ये, मशिदीच्या अंगणात, कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले तर जिन्यापाशी. अल नस्रमधली त्यांची खोली त्यांनी अशीच निवडली होती. घरमालक भाडं सांगत होता आणि हे फाटकाशी बसून ओघळ बघत होते. आमचं ऑफिस वेस्ट बेमधल्या एका टॉवरमध्ये. एकदा मीटिंगसाठी त्यांना तिथे बोलावलं, तर खाली लॉबीच्या संगमरवरावर त्यांनी पेला रिकामा केला. सिक्युरिटीवाला धावत आला. मी वरून खाली येईपर्यंत हे शांतपणे रुमालानं फरशी पुसत होते. लिफ्टमध्ये मला म्हणाले, तुमची बिल्डिंग लिफ्टकडं कलते. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं उन्हानं फिरलंय. पुढच्या पावसात आमच्या लिफ्ट चार दिवस बंद होत्या आणि मी अकरा मजले चढून कामावर जात होते. तेव्हा कुठे मी त्या पेल्याची टिंगल करणं थांबवलं.

उन्हाचंही त्यांचं शास्त्र होतं. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेरची कामं बंद ठेवायचा इथे कायदाच आहे, पण तो लागू होतो जूनपासून, आणि ऊन काही तारीख बघून येत नाही. मेमध्ये चाचा दर तासाला कामावरच्या माणसांच्या ओळीतून जात आणि प्रत्येकाच्या मानेला हाताची मागची बाजू लावत, आई पोराचा ताप बघते तशी. घाम आहे म्हणजे ठीक. मान कोरडी लागली की त्या माणसाला दंडाला धरून सरळ एसीच्या केबिनमध्ये नेऊन बसवायचे, मग तो कितीही नको म्हणो. यल्ला-आटपा नाही, अर्जंट नाही, काही नाही. खलास. हा त्यांचा आवडता शब्द. गल्फमधला प्रत्येक माणूस तो दिवसातून शंभरदा वापरतो, पण चाचा म्हणाले की त्या विषयावर पुढे कुणी बोलत नसे.

आमची साइट शहराच्या पश्चिमेला, जिथे इमारती संपतात आणि नुसतं खडीचं माळरान सुरू होतं तिथे. नव्या रस्त्याखालचं पावसाचं पाणी खेचून घेणारं एक पंपिंग स्टेशन आम्ही बांधत होतो. त्यासाठी तीन मजली घर मावेल एवढा खड्डा खणला होता, आणि खड्ड्याच्या खालच्या अंगाला, उतारावर, मुरुमाचा उंच बांध घातला होता. बांधापलीकडे जमीन सखल होत जाते. तिथे बोरीची दोन-चार झाडं, आणि त्या झाडांच्या सावलीत बकऱ्यांचा एक गोठा. गोठ्यात साठ-सत्तर बकऱ्या आणि त्यांना सांभाळणारा एक सुदानी माणूस. पत्र्याची खोली, एक खाट, एक पाण्याची टाकी. तो तिथे एकटाच राहायचा.

चाचांनी पहिल्याच दिवशी बांधावर उभं राहून पेला ओतला. ओघळ बोरीच्या दिशेनं गेला. मग ते तासभर मला त्या माळावर हिंडवत होते. मला दगडधोंड्यांशिवाय काही दिसत नव्हतं. ते मात्र बोटानं दाखवत होते, हा व्हाळ, हा त्याला मिळणारा दुसरा व्हाळ. कोकणात ओढ्याला व्हाळ म्हणतात. "झाडं उगाच नाय आली तितं," ते म्हणाले. "पानी जितं थांबतं तितं झाड." त्यांचं म्हणणं एकच होतं. गोठा तिथून हलवायचा. पाऊस यायच्या आत हलवायचा.

त्या सुदानी माणसाला ते सांगून थकले. तो म्हणे, मालकानं इथे बसवलंय, मी इथे आहे, आणि उन्हाळ्यात बकऱ्यांना सावली दुसरीकडे कुठे आहे? खरंच नव्हती. मैलभर परिसरात तेवढीच झाडं. मग चाचा माझ्यामागे लागले, मालकाला कंपनीचं पत्र पाठव. मी ते मीटिंगमध्ये मांडलं. प्रोजेक्ट मॅनेजरनी ड्रॉइंग उघडलं, आमच्या कामाच्या हद्दीची लाल रेघ बांधाच्या पायथ्याशी संपत होती. गोठा रेघेच्या बाहेर. विषय संपला. मी येऊन चाचांना सांगितलं की ते आपल्या हद्दीबाहेर आहे. ते दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुटीत डबा घेऊन बांध उतरून त्या सुदान्याकडे जाऊ लागले, भर उन्हात, गमबूट घालून. तो त्यांना बकरीच्या दुधाचा चहा पाजायचा. परत आले की सांगायचे, "आज चाय दिलान." चहा दिला, म्हणजे माणूस जागेवर आहे, बरा आहे. मला त्यांची ही रोजची बातमी हळूहळू कंटाळवाणी वाटू लागली होती.

हे वेड कुठून आलं ते मला एका दुपारी कळलं. एसीच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. माणसं आडवी झालेली, बाहेर हवा डोळ्यांसमोर थरथरत होती. मी सहज विचारलं, चाचा, पाऊस तर हिवाळ्यात पडतो, तुम्ही आत्ता कशाला बूट घालता? त्यांनी पायातले बूट काढून बाजूला ठेवले. मग सांगायला लागले, माझ्याकडे न बघता.

ते नवीनच आले होते तेव्हाची गोष्ट. एका गोदामाच्या आवारात कामाला होते. एका संध्याकाळी असा पाऊस झाला की आवार तळ्यासारखं भरलं, आणि माल भिजायला लागला. यांनी कुदळ घेतली आणि आवाराच्या कडेचा मातीचा बांध फोडला. गावी भाताच्या खाचरात पाणी जास्त झालं की हेच करतात, लहानपणापासून केलेलं. दहा मिनिटांत आवार मोकळं झालं. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी कळलं, पलीकडच्या सखल आवारात एक वॉचमन कंटेनरमध्ये झोपला होता. पाणी एकदम आलं, दार बाहेरून दाबलं गेलं.

"गावाला बांद फोडला की पानी व्हाळाला जातं, व्हाळाचं खाडीला," चाचा म्हणाले. "मला वाटलं हितं पन जाईल. हितं खाडी नाय, बाय. हितं पानी दुसऱ्याच्या घरात जातं."

पोलिसांनी मृत्यूचं कारण पाऊस असं लिहून नेलं. बांधाचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. यांनी त्या माणसाचं नाव शोधायचा खूप प्रयत्न केला, पण ज्याला विचारावं तो म्हणे, वॉचमन होता. तीस वर्षं नमाजानंतर ते त्याच्यासाठी दुआ मागत होते आणि नाव माहीत नसल्यामुळे अल्लाला नुसतं 'माझा वॉचमन' म्हणत होते. हे सांगून त्यांनी पाणी प्यायलं, बूट ओढून घेतले आणि बाहेर माना तपासायला गेले. मी तिथेच बसून राहिले. मला तेव्हाच पत्र लिहून मालकाला द्यायला हवं होतं, कंपनीच्या नावानं नाही तर माझ्या नावानं. मी लिहिलं नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं.

हिवाळा संपून उन्हाळा लागताना इथे अचानक वादळं येतात. जुने अरब लोक त्यांना सरायात म्हणतात. सकाळी काही नसतं आणि दुपारी आभाळ कोसळतं. त्या मे महिन्यात असाच एक दिवस आला. सकाळपासून घुसमट, वाऱ्याचा पत्ता नाही, माणसांच्या माना ओल्याच्या ओल्या. चाचांनी दोनदा त्या सुदान्याला फोन लावला, बंद. चार्जिंग नसायचं त्याच्याकडे बऱ्याचदा. तीनच्या सुमारास पश्चिमेकडून धुळीची भिंत आली, आणि तिच्या मागोमाग वीज, आणि मग गारा. जेसीबीच्या टपावर गारांचा एवढा आवाज होत होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना.

माळावर दिसत नव्हते ते सगळे व्हाळ वीस मिनिटांत दिसायला लागले. चाचांनी बोटानं दाखवले होते, अगदी तिथेच. तपकिरी पाणी चहूकडून येऊन बांधाशी अडू लागलं आणि आमच्या खड्ड्यात पडू लागलं. खाली नवे पंप बसवलेले, विजेचं पॅनल, सहा महिन्यांचं काम. आमचे उपसा पंप पूर्ण जोरात चालू होते आणि तरी पाणी वर चढत होतं. मी प्रोजेक्ट मॅनेजरना फोन लावला. ते वेस्ट बेमध्ये काचेआड होते. त्यांनी हिंदीत एवढंच सांगितलं की खालचा बांध काप, पाणी सोडून दे, आणि वेळ लिहून ठेव.

मी जेसीबीवाल्याला हात केला. त्यानं मशिन वळवलं. आणि मग आम्हाला दोघांनाही दिसलं की बांधावर, नेमकं जिथे कापायचं तिथे, चाचा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आहेत. छत्री उघडलेली, गारांनी फाटलेली. गमबूट चिखलात.

मी चिखल तुडवत वर गेले. ओरडून सांगितलं, चाचा उठा, ऑर्डर आहे. ते म्हणाले, "पानी सोडनार कुठं?"

मी म्हणाले, खड्डा जातोय चाचा. ते म्हणाले, जाऊ दे. मी म्हणाले, तुमची नोकरी जाईल. ते म्हणाले, जाऊ दे. बांधापलीकडे पावसात काहीच दिसत नव्हतं, नुसती बोरीची झाडं अंधूक. मग त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती.

"मी उठलो तर तुमी कापाल. म्हनून मला जाता येत नाय. तू जा, बाय. कडेकडेनं जा, त्याला उंचावर आन. तो वर आला की मीच कुदळ मारतो."

कडेनं जायला पंधरा मिनिटं लागली असती, परत यायला पंधरा. मधे एक व्हाळ आडवा येत होता, पाणी गुडघ्याएवढं असेल, कदाचित जास्त. मी त्या पाण्याकडे बघितलं. हातात फोन वाजत होता. मी गेले नाही. मी फोन घेतला आणि सांगितलं की पंप ऑपरेटर ऐकत नाहीये. जेसीबीवाल्याला दुसऱ्यांदा ऑर्डर दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

पाऊस तासाभरात थांबला. खड्डा काठोकाठ भरला होता. पाण्यावर प्लायवूडच्या फळ्या आणि कुणाचं तरी हेल्मेट तरंगत होतं. बांध टिकला. चाचा स्टुलावरून उठले तेव्हा त्यांचे पाय वाकेनात, दोघांनी धरून उतरवलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गोठ्यावर गेले. पुन्हा तेच ऊन, जसं काही झालंच नव्हतं. बोरीखाली घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि बकऱ्या त्यात उभ्या राहून पाणी पीत होत्या. सुदानी कुंपणावर गोधडी वाळत घालत होता. खुश होता. म्हणाला, हमदुलिल्ला, आता गवत येईल. मग त्यानं मला विचारलं, वर तुमचं काही नुकसान झालं का? मी हो म्हणाले. त्यानं वाईट वाटून मान हलवली आणि मला चहा दिला. त्याच्या डोक्यावर आदल्या दिवशी काय टांगलं होतं ते त्याला माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं धाडस मला झालं नाही. त्याची खाट जमिनीपासून वीतभर उंच होती. पत्र्याचं दार आत उघडायचं की बाहेर, ते मी निघताना पाहिलं. बाहेर उघडायचं.

वर आले तेव्हा चाचा केबिनच्या पायरीवर बसले होते. एकच विचारलं, "चाय दिलान?" मी मान डोलावली. त्यांनी डोळे मिटले. काही पुटपुटत होते. मला वाटतं वॉचमनशी बोलत होते.

चौकशी झाली. मला विचारलं गेलं, बांधाच्या खाली कुणी माणूस धोक्यात होता का? समोर ड्रॉइंग पसरलेलं होतं. मी म्हणाले, ड्रॉइंगवर काही नाही. हे खरं होतं. लाल रेघेच्या पलीकडे कागद कोरा होता. रिपोर्टमध्ये मी लिहिलं की दोनदा स्पष्ट सूचना देऊनही पंप ऑपरेटरनं त्या पाळल्या नाहीत, आणि खाली सही केली. हेही खरंच होतं. इतकं खरं लिहून इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चाचा भांडले नाहीत. एका शब्दानं त्यांनी गोठ्याचा उल्लेख केला नाही, आणि मी तो का केला नाही हेही मला विचारलं नाही. पंधरा दिवसांत त्यांचा व्हिसा रद्द झाला. निघायच्या दिवशी अल नस्रमध्ये त्यांच्या खोलीवर गेले तर त्यांनी मला बसवून घावनं खायला घातली, नारळाचा रस वाटीत भरभरून. गमबूट साइटवरच ठेवून गेले होते. पेला मात्र बॅगेत टाकताना दिसला. मला खूप काही बोलायचं होतं. मी घावनं खाल्ली आणि परत आले.

जुलैत मी त्यांना फोन केला. इथे नळाचं पाणीसुद्धा उकळतं निघत होतं. तिकडून पत्र्यावर धो धो पाऊस वाजत होता. ते मोठ्यानं बोलत होते, पावसामुळे आणि आनंदामुळे. लावणी झाली, खाचरं भरली, सकाळीच बांध फोडून आलो, म्हणाले. मग मीच मधे बोलले. सगळं सांगितलं. ड्रॉइंग, तो प्रश्न, माझं उत्तर, कॉन्ट्रॅक्टची भीती, आणि ते मला जा म्हणाले तेव्हा मी त्या व्हाळाकडे बघत उभी राहिले, तेही. मी रडत होते बहुतेक. चाचा, मी घाबरले, एवढंच शेवटी म्हणाले.

तिकडे पावसाचा आवाज जरा कमी झाला, ते घरात गेले असावेत.

"बाय," ते म्हणाले, "तो मानूस हाय ना अजून तितं?"

आहे, मी म्हणाले. मागच्याच आठवड्यात गेले होते. गवत आलं होतं थोडं, आता उन्हानं जळून गेलं.

"त्याचं नाव काय?"

मला माहीत होतं. त्या सकाळी चहा पिताना मी पहिली गोष्ट तीच विचारली होती. मी ते सांगितलं. चाचांनी ते एकदा उच्चारून पाहिलं, मग पुन्हा एकदा, लक्षात राहावं म्हणून.

"मंग खलास," ते म्हणाले, आणि मला विचारलं की नवीन पोरं माना तपासतात की नाही.